ब्रेक्झिटचा खर्च किती आला? एका कॉस्ट अकाउंटंटचं उत्तर

शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्रात एम. ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: ‘ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं त्याचा खर्च, या विषयावर प्रकल्प करतोय. एक बाजू म्हणते आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचणार होते, दुसरी म्हणते अर्थव्यवस्था ४ टक्क्यांनी लहान झाली. दोन्हीकडे अर्थतज्ज्ञ आहेत. खरं कोण बोलतंय, आणि मी प्रकल्पात कोणता आकडा लिहू?’

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. सव्वीस वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांचं कॉस्टिंग आणि निर्यातीची कागदपत्रं बघते. आपल्याकडचं बिडाचं कास्टिंग इंग्लंडला जातं, आणि तिथून काही पुढे युरोपात जायचं. त्यामुळे हा वाद मी पेपरात वाचायच्या आधी माझ्या टेबलावर आला होता.

आधी सरळ उत्तर देते. ३५ कोटींचा आकडा चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा ते पाच ओळींत दाखवता येतं. ४ टक्के हा अंदाज आहे, त्यात इकडेतिकडे होऊ शकतं, पण तो योग्य प्रश्नाचं उत्तर आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘दोघंही आपापल्या जागी बरोबर’ असं लिहू नका. तसं नाही ते.

२३ जून २०१६ च्या सार्वमताआधी ‘बाहेर पडा’ म्हणणाऱ्यांची लाल बस देशभर फिरली. तिच्यावर लिहिलं होतं की आपण युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ या. २०१५ चा हिशोब बघा. ब्रिटनची ढोबळ वर्गणी होत होती साधारण १,७८० कोटी पौंड. त्याला ५२ ने भागलं की आठवड्याचे ३४ कोटींच्या वर येतात, म्हणजे बसवरचा आकडा. पण त्यातले ४९० कोटी ब्रिटनच्या बाहेर कधी गेलेच नाहीत. मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली ती सूट होती आणि ती बिलातूनच वजा व्हायची. प्रत्यक्ष भरले १,२९० कोटी. त्यातले ४४० कोटी शेतकऱ्यांची अनुदानं, मागास भागांचा निधी अशा वाटांनी सरकारकडे परत आले. हातातून गेले ते ८५० कोटी, आठवड्याला सोळा कोटींच्या थोडे वर.

एखाद्या कारखानदाराने पिग आयर्नची (कच्च्या लोखंडाची) खरेदी ट्रेड डिस्काउंट वजा न करता ढोबळ दराने दाखवली, तर मी त्या कॉस्ट शीटवर सही करत नाही. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाचे अध्यक्ष सर डेव्हिड नॉरग्रोव्ह यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये बाहेर पडण्याच्या प्रचाराचे नेते आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांना पत्र लिहून हेच सांगितलं: सरकारी आकडेवारीचा हा उघड गैरवापर आहे. तोवर सार्वमत होऊन पंधरा महिने झाले होते. ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१ टक्के असा निकाल लागून गेला होता.

बाहेर पडण्याच्या बाजूवर अन्याय नको म्हणून एक सांगते. खरा आकडा लिहिला असता तरी तो लहान नव्हता. वर्षाला ८५० कोटी पौंड ही मोठी रक्कम आहे, आणि ती का द्यायची हे विचारण्याचा हक्क तिथल्या करदात्याला होताच. मला राग येतो तो याचा, की खरा आकडा हाताशी असताना दुप्पट आकडा लिहिला गेला.

निघतानाची देणी, ज्याला तिकडे घटस्फोटाचं बिल म्हणत होते, त्यावर २०१७ मध्ये सगळ्यात जास्त आवाज झाला. मागच्या अर्थसंकल्पांमध्ये कबूल केलेली रक्कम, संघाच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा वाटा, निघेपर्यंतची वर्गणी असं सगळं धरून ब्रिटिश सरकारने ३,५०० ते ३,९०० कोटी पौंडांचा अंदाज दिला. ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीने तर म्हटलं होतं की करार न होता बाहेर पडलो तर हे देण्याची कायदेशीर सक्ती नाही. तरी ते द्यायचं ठरलं, आणि हप्त्याहप्त्याने दिलं जातंय. तुमच्या प्रकल्पात याला एक परिच्छेद पुरे. ही एकदाची रक्कम आहे, आणि बाकीच्या गोष्टींपुढे ती छोटी आहे.

आता माझ्या टेबलावरचं सांगते.

२४ जून २०१६, शुक्रवार. सकाळी नऊ-साडेनऊला तिकडचा निकाल इकडे कळला आणि दहाच्या आत एका फौंड्रीमालकांचा फोन आला, “ताई, पौंड बघितला काय?” शंभरीच्या आसपास खेळणारा पौंड नव्वदीत उतरला होता. या साहेबांनी मे महिन्यात पौंडात ऑर्डर घेतली होती, ४२,००० पौंडांची, कॉस्टिंग धरलं होतं ९७ रुपयांनी. फॉरवर्ड कव्हर घ्या, म्हणजे पौंडाचा दर बँकेशी आधीच ठरवून टाका, असं मी सांगितलं होतं, त्यांना त्याचा खर्च जास्त वाटला. माल जुलैत गेला, नव्वद दिवसांची उधारी, पैसे आले ऑक्टोबरात. तेव्हा पौंड ८२ च्या आसपास. ४० लाख ७४ हजार यायचे तिथे ३४ लाख ४४ हजार आले. सगळ्या ऑर्डरीवर नफा धरला होता तीन लाखांच्या आत, आणि कमी आले सहा लाख तीस हजार. त्या दिवाळीला बोनस द्यायला त्यांनी घरातलं सोनं ठेवलं, हे मला त्यांच्या पत्नीने नंतर सांगितलं.

हा खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा? ब्रिटनमध्ये यावरही वाद आहे. बाहेर पडणारे म्हणतात पौंड आधीच महाग होता, स्वस्त झाला तर निर्यात वाढते. राहणारे म्हणतात आयात महागली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये महागाई ३.१ टक्क्यांवर गेली ती सामान्य माणसाने सोसली. दोन्ही खरं आहे. चलन पडलं की कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात पैसे जातात. त्यामुळे त्याचा सगळा आकडा निव्वळ तोटा म्हणून मांडू नका.

दुसरा प्रसंग २०२१ चा, आणि माझ्या मते हा जास्त शिकवणारा आहे.

बर्मिंगहॅमजवळचा एक खरेदीदार आमच्या एका फौंड्रीकडून पंपाच्या बॉडीची कास्टिंग घ्यायचा. न्हावा शेवाहून कंटेनर इंग्लंडच्या फेलिक्सस्टो बंदरात जायचा, तिथे एकदा जकात भरली की माल मोकळा. त्यांच्या गोदामात रंग द्यायचे, खोक्यात भरायचे, लेबल लावायचे, आणि साधारण तिसरा हिस्सा ट्रकने जर्मनीतल्या पंप कारखान्याला पाठवायचे. तिथली गोदाम सांभाळणारी बाई माझ्याशी मेलवर बोलायची. बावीस वर्षं तिने जर्मनीला माल एका डिलिव्हरी चलनावर पाठवला होता. आपण शिरोलीतून कागलला पाठवतो तसा.

१ जानेवारी २०२१ पासून ते बदललं. फेब्रुवारीत तिचा मेल आला, सोबत दोन फोटो. पहिल्या फोटोत आमचं लाकडी पॅलेट, त्यावर उष्णता प्रक्रियेचा शिक्का, तो कणसाच्या चित्राचा. दुसऱ्यात तिच्या गोदामातलं स्थानिक पॅलेट, कोरं. लाकडात कीड जाऊ नये म्हणून हा शिक्का परदेशी मालाला लागतो, आणि आपल्याला तो कायमचाच लागत आला आहे. ब्रिटन आणि युरोपमध्ये तो आता पहिल्यांदा लागायला लागला होता. तिने माल स्थानिक पॅलेटवर रचला होता आणि वाहतूकदाराने तो उचललाच नाही. सगळा माल उतरवून पुन्हा आमच्याच रिकाम्या पॅलेटवर चढवला, दीड दिवस गेला.

त्याच मेलमध्ये तिने विचारलं होतं की माल ‘ब्रिटिश मूळचा’ आहे असं प्रमाणपत्र तुम्ही देऊ शकाल का. देणं शक्य नव्हतं. ब्रिटन आणि संघ यांच्यातला करार शून्य जकातीचा आहे हे खरं, पण ती सवलत त्या दोघांच्या हद्दीत तयार झालेल्या मालालाच आहे. कोल्हापुरात ओतलेलं कास्टिंग इंग्लंडात रंगवलं, खोक्यात घातलं, लेबल लावलं, एवढ्याने ते ब्रिटिश होत नाही. मूळ भारतीयच राहतं. म्हणजे इंग्लंडात एकदा जकात भरलेल्या मालावर जर्मनीत पुन्हा जकात. कास्टिंगवर ती फार नसते, दोन-तीन टक्क्यांच्या घरात. पण कास्टिंगच्या धंद्यात दोन-तीन टक्के म्हणजे अर्धा नफा. गोदामाला जकातीचा परवाना काढून ती टाळता येते, पण मग आणखी कागद आणि आणखी एक माणूस. शिवाय दर खेपेला निर्यात घोषणेचे, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या फॉर्मचे, ४५ पौंड आणि पलीकडच्या एजंटचे ७० युरो. मोठ्या कारखान्याच्या दोनशे टनांच्या मालावर हे पैसे दिसतसुद्धा नाहीत, चार पॅलेटच्या खेपेवर मात्र ते जिवावर येतात.

या घोषणांच्या खर्चावर तिकडे जाहीर भांडण झालं, ते तुमच्या प्रकल्पात जरूर घ्या. मे २०१८ मध्ये ब्रिटनच्या महसूल खात्याचे प्रमुख जॉन थॉम्पसन संसदीय समितीपुढे म्हणाले की एका घोषणेला सरासरी साडेबत्तीस पौंड लागतील, वर्षाला सुमारे वीस कोटी खेपा आहेत, दोन्ही बाजूंनी मिळून १,७०० ते २,००० कोटी पौंडांपर्यंत खर्च जाऊ शकेल. बाहेर पडण्याचे समर्थक चिडले. त्यांचं म्हणणं होतं की हल्ली सगळं संगणकावर होतं, एका फॉर्मला इतके पैसे कसे लागतील? पुढे २०१९ मध्ये त्याच खात्याने एकट्या ब्रिटिश कंपन्यांसाठी वर्षाला ७५० कोटी पौंडांचा अंदाज दिला.

माझा अनुभव विचाराल तर साडेबत्तीस पौंड हा आकडा हास्यास्पद मुळीच नाही. फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात हे खरं. पण त्या फॉर्ममध्ये काय लिहायचं हे ठरवायला दोन दिवस लागतात. मालाच्या वर्गवारीचा एचएस कोड कोणता, मूळ देश कोणता, किंमत कोणत्या टप्प्यावरची, आयातदार म्हणून नाव कुणाचं? चुकलं तर दंड भरायचा आणि अडकलेल्या ट्रकचं भाडंही. ज्यांनी आयुष्यात कधी कंटेनर सोडवलेला नाही, त्यांना तो नुसता फॉर्म वाटतो.

आणि हे ७५० कोटी त्या ८५० कोटींशेजारी ठेवून बघा. सरकारी तिजोरीतून जाणारे ८५० कोटी वाचले, आणि खात्याच्याच अंदाजाने जवळपास तेवढेच व्यापाऱ्यांच्या खिशातून कागदांपायी जाऊ लागले. तिजोरीतली बचत बसवर लिहिता येते. व्यापाऱ्यांचा खर्च हजारो छोट्या बिलांमध्ये वाटला जातो आणि तो एकत्र कुणाला दिसत नाही.

यापुढे जे झालं त्याचं तर बिलच निघालं नाही. त्या खरेदीदाराने आणि जर्मन कारखान्याने बोलून ठरवलं की जर्मनीचा हिस्सा थेट कोल्हापुरातून हॅम्बुर्गला पाठवावा. आम्हाला सुरुवातीला त्रास झाला. सहा-सात टनांचा माल, पूर्ण कंटेनर भरत नाही, सुटा पाठवायचा तर किलोमागे भाडं जास्त. (२०२१ मध्ये कंटेनरची भाडी सगळ्या जगातच भडकली होती, ती वाढ ब्रेक्झिटच्या खात्यावर टाकू नका. मी बऱ्याच लेखांमध्ये ही चूक बघितली आहे.) पुढे जर्मन ऑर्डर वाढली, कंटेनर भरू लागला, आणि रंगाचं काम आमच्या फौंड्रीने इथे सुरू केलं. त्यासाठी सहा माणसं नवीन घेतली, त्यातली दोन शिये गावातली आहेत, रोज सायकलवरून येतात. म्हणजे आपला फायदा झाला. इंग्लंडातल्या गोदामाचं रंगाचं काम, साठवणुकीचं भाडं, ट्रकचं भाडं आणि मधला नफा गेला. पण ‘ब्रेक्झिटमुळे गेलेला धंदा’ असं कुठल्या वहीत लिहिलं जात नाही. जो माल फिरकलाच नाही, त्याची पावती कोण फाडणार?

४ टक्क्यांचा आकडा याच न फाडलेल्या पावत्यांची बेरीज करायचा प्रयत्न आहे. म्हणून मी त्याच्या बाजूने बोलते.

तो आकडा आहे ओबीआरचा, म्हणजे ब्रिटनमध्ये अर्थसंकल्पासाठी अंदाज काढणाऱ्या स्वायत्त संस्थेचा. तो नीट वाचा. गेल्या वर्षी १०० होते आणि यंदा ९६ झाले, असं त्यात म्हटलेलं नाही. संघात राहिले असते तर साधारण पंधरा वर्षांत उत्पादकता जिथे पोचली असती, त्यापेक्षा ती ४ टक्के कमी राहील, असं म्हटलं आहे. त्यामागे दुसरा अंदाज आहे की आयात-निर्यात दोन्ही मिळून व्यापार दीर्घकाळात १५ टक्के कमी होईल. आणि २०२१ मध्येच त्यांनी म्हटलं की या ४ टक्क्यांपैकी साधारण दोन पंचमांश नुकसान करार लागू व्हायच्या आधीच होऊन गेलं, कारण २०१६ पासून अनिश्चिततेपायी कारखानदारांनी गुंतवणूक रोखून धरली होती.

‘राहिले असते तर’ हे कुणी बघितलंय, असं विरोधक विचारतात. प्रश्न रास्त आहे. आपल्या उसाचं उदाहरण देते. करवीर तालुक्यात एकाने लागण दीड महिना उशिरा केली, एकरी ५५ टन पडला. उशिरापायी किती टन गेले? कारखान्याच्या वजनाच्या पावतीवर फक्त ५५ दिसतात. गेलेले टन काढायचे तर शेजारचा, वेळेवर लावलेला प्लॉट बघावा लागतो. पण शेजाऱ्याची जमीन काळी, याची माळाची. त्याचं ठिबक, याचं पाटपाणी. त्याचा को ८६०३२, याचा दुसराच वाण. आणि वर २०१९ चा महापूर येऊन दोघांचंही शेत आठवडाभर पाण्याखाली. आता उशिराचे किती आणि पुराचे किती? ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं आणि दोन महिन्यांत कोविडची टाळेबंदी आली, २०२२ मध्ये युक्रेन युद्धाने गॅस महागला. तीच अडचण.

अडचण आहे म्हणून हिशोब सोडून द्यायचा का? जाणता शेतकरी एका शेजाऱ्यावर अवलंबून राहत नाही. जमीन, पाणी, वाण आपल्यासारखं असलेले चार-पाच प्लॉट निवडतो, मागची दहा वर्षं त्यांचा उतारा आपल्यासारखाच होता का ते तपासतो, आणि मग त्यांची सरासरी धरतो. सेंटर फॉर युरोपियन रिफॉर्म या संस्थेच्या जॉन स्प्रिंगफोर्ड यांनी अगदी हेच केलं. २०१६ पर्यंत ज्यांची चाल ब्रिटनसारखी होती अशा देशांचं मिश्रण करून एक जुळा ब्रिटन तयार केला, आणि २०२२ च्या मध्यापर्यंत खरा ब्रिटन त्या जुळ्यापेक्षा ५.५ टक्के मागे असल्याचं काढलं. आक्षेप आले: अमेरिकेचं वजन त्यात जास्त पडतं, आणि अमेरिका स्वतःच्याच कारणांनी पळत होती. हा आक्षेप मला पटतो, म्हणून मी ५.५ पेक्षा ४ च्या जवळ राहते. दुसरा आक्षेप जर्मनीचा. २०२३ आणि २०२४ मध्ये जर्मनीचीच अर्थव्यवस्था आकसली, मग संघात राहून तरी काय मिळालं? याला माझं उत्तर असं की शेजाऱ्याच्या उसाला हुमणी लागली म्हणून तुमची उशिराची लागण बरोबर ठरत नाही. तिसरी गोष्ट मात्र मान्यच करायला हवी: ब्रिटनची सेवांची निर्यात चांगली वाढली, राहणाऱ्यांनी सांगितलं होतं त्यापेक्षा चांगली. मार बसला तो मालाला, आणि त्यातही छोट्या कारखान्यांना.

राहणाऱ्यांच्या बाजूनेही चुका केल्या, त्या झाकू नका. एप्रिल २०१६ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बॉर्न यांनी सांगितलं की २०३० पर्यंत प्रत्येक कुटुंबाचं वर्षाला ४,३०० पौंडांचं नुकसान. तो आकडा एकूण उत्पादनाला कुटुंबांच्या संख्येने भागून काढला होता. लोकांनी तो आपल्या पगारातली घट म्हणून वाचला, आणि लोकांनी तसा वाचावा असाच तो मांडला होता. मे महिन्यात त्यांच्याच अर्थखात्याने म्हटलं की नुसता कौल बाहेर पडण्याचा लागला तरी लगेच मंदी येईल आणि पाच लाख नोकऱ्या जातील. तशी मंदी आली नाही. तेव्हापासून कुणीही अंदाज मांडला की समोरचा म्हणतो, तुमचं २०१६ चं काय झालं? त्या एका घाईच्या अंदाजाने पुढच्या सगळ्या प्रामाणिक अंदाजांची पत घालवली. दुसऱ्या टोकाला बाहेर पडण्याचे समर्थक अर्थतज्ज्ञ प्रा. पॅट्रिक मिनफर्ड यांनी बाहेर पडून सगळी जकात काढली तर उत्पादन ४ टक्क्यांनी वाढेल असं मांडलं होतं. सगळी जकात काही काढली गेली नाही, आणि तशी वाढ दिसली नाही.

आता समान मापाने तुलना. ब्रिटनचं वार्षिक उत्पादन २०२३ मध्ये २.७ लाख कोटी पौंडांच्या आसपास होतं. त्याचे ४ टक्के म्हणजे दहा हजार कोटींच्या वर. त्यातला एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग सरकारकडे करातून येतो, म्हणजे पूर्ण परिणाम दिसेल तेव्हा साडेतीन हजार कोटींच्या वर कर बुडालेला असेल. वर्गणीचे वाचले ८५० कोटी. अंदाज निम्मा चुकला, ४ ऐवजी २ टक्के धरले, तरी बुडालेला कर वाचलेल्या वर्गणीच्या दुपटीने राहतो. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की ‘दोघंही बरोबर’ असं लिहू नका.

फायद्याची बाजू: स्वतःचे व्यापार करार. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांच्यात करार झाला, भारताच्या सुमारे ९९ टक्के मालावरची जकात त्यात निघते. आपल्या इंजिनिअरिंगच्या मालाला आणि चपलेलाही तो हवाच आहे. संघात राहून ब्रिटनला असा स्वतंत्र करार करता आला नसता. ब्रिटिश सरकारचा स्वतःचा अंदाज आहे की यातून त्यांचं उत्पादन दीर्घकाळात वर्षाला ४८० कोटी पौंडांनी वाढेल. म्हणजे टक्क्याचा एक-दशांश आणि थोडं वर. चांगलं आहे, लिहा, पण ४ टक्क्यांशेजारी लिहा.

राहिला तो भाग, जो माझ्या शीटवर बसत नाही. मतदानानंतर मतचाचण्या घेणारे लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी पाहणी केली, त्यात बाहेर पडण्याला मत देणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांनी मुख्य कारण सांगितलं की आमच्या देशाचे निर्णय आमच्या देशात व्हावेत. या लोकांना खर्चाचे तक्ते दाखवून काही उपयोग नव्हता. आपल्या कोल्हापूरच्या हद्दवाढीचा वाद आठवा, आसपासची गावं महापालिकेत घ्यायची की नाही हा. शहराची हद्द कितीतरी दशकं सुमारे ६७ चौरस किलोमीटरवरच आहे. शहरवाले सांगतात, लोकसंख्या वाढली तर निधी वाढेल, पाणी-रस्ते मिळतील. गावं घरफाळ्याचा हिशोब पुढे करतात. मी उचगावच्या एका बैठकीत बसले होते, तिथे कुणीतरी घरफाळ्याचा तक्ताच आणला होता, तुलना नीट केलेली होती. एक वयस्कर मामा उठले आणि म्हणाले, “घरफाळा ऱ्हाऊ दे बाजूला. गटार तुंबली तर मी सरपंचाच्या दारात जाऊन बसतो. म्हापालिकेत कुणाच्या दारात बसू?” त्या तक्त्यात याला रकाना नव्हता. माणसाला तो अधिकार हवा असतो आणि त्यासाठी पैसे मोजायची तयारी असते, यात चूक काही नाही. चूक तेव्हा होते जेव्हा पुढारी त्याला सांगतात की याला पैसे पडणारच नाहीत, उलट वाचतील. मामांना किंमत सांगा, मग ते ठरवतील. ब्रिटनच्या मतदाराला किंमत सांगितलीच गेली नाही. एका बाजूने ती उणे दाखवली, दुसऱ्याने भीती घालायला फुगवली.

तुमच्या प्रकल्पासाठी असं करा. ढोबळ आणि निव्वळ वर्गणी शेजारी शेजारी द्या. निघतानाची देणी वेगळी ठेवा, ती वार्षिक आकड्यांत मिसळू नका. घोषणांचा ७५० कोटींचा अंदाज द्या, आणि तो २०१९ चा आहे हे लिहा. मुख्य आकडा ४ टक्के लिहा, पण त्याच ओळीत ‘राहिले असते त्या तुलनेत, साधारण १५ वर्षांत’ हे शब्द हवेत, नाहीतर तुमचे परीक्षकही तो चुकीचा वाचतील. खाली २ ते ६ असा पट्टा द्या आणि तो का रुंद आहे ते सांगा. निर्णयाच्या अधिकारासाठी एक ओळ ठेवा, त्यापुढची रक्कम कोरी सोडा.

आणि एकदा शिरोलीला या. त्या बर्मिंगहॅमच्या खात्याच्या २०२० आणि २०२२ च्या दोन्ही फाइली मी ठेवल्या आहेत. पक्षांची नावं झाकून दाखवीन. २०२० ची बोटभर जाड आहे, २०२२ ची दोन बॉक्स फाइलींत मावलेली नाही.